जळनाईकाचा दोर

फार फार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. किती वर्षांपूर्वीची ते मला विचारू नका. मला जिने सांगितली तिलाही ते ठाऊक नव्हते. राज्याचे नावही विचारू नका. ते नाव का उरले नाही, हेच तर सांगायचे आहे.

डोंगराच्या पायथ्याशी एक मोठा तलाव होता आणि तलावाच्या बांधाखाली एक नगर होते. वर पाणी, खाली माणसे, असा तिथला संसार. उन्हाळ्यात त्याच पाण्यावर भात पिके, ऊस पिके, गुरे तृप्त होत. पावसाळ्यात तेच पाणी लोकांच्या छातीवर बसे.

बांधाच्या पोटातून एक दगडी मोरी काढलेली होती. तिचे तोंड तलावात, खोल पाण्याखाली. त्या तोंडात लाकडाचा जाड दट्ट्या ठोकलेला असे. तलाव भरत आला, की कोणीतरी बुडी मारून खाली जायचे, तोंडाशी साचलेला गाळ आणि अडकलेल्या फांद्या दूर करायच्या आणि दट्ट्या उपसायचा. मग जादा पाणी मोरीतून ओढ्याला लागे, आणि बांध त्या वर्षापुरता वाचे.

काम सांगायला सोपे आहे. पण दट्ट्या निघाला की पाणी मोरीत घुसते आणि जवळ जे असेल ते ओढून नेते. त्यात माणूसही आला. म्हणून खाली जाणाऱ्याच्या कमरेला दोर बांधत. बांधावर एक उभा दगड पुरलेला होता, त्याला दोराचा वेढा देत. खालून हिसका आला, की वरच्यांनी ओढायचे.

जो खाली जाई त्याला जळनाईक म्हणत. ही पदवी राजाने द्यायची असे. तिच्याबरोबर कमरेला चांदीचा पट्टा मिळे, बुडी मारण्याआधी राजाच्या हातचा पहिला विडा मिळे आणि त्या दिवशीच्या जेवणात पहिले पान त्याचे मांडले जाई. लोकांना हा मोठा मान वाटे. खरे तर त्याचा अर्थ फार साधा होता. माणूस वर येईल की नाही कोणाला माहीत नसे, म्हणून त्याला आधी जेवू घालत.

आणखी दोन रिवाज होते. दोराला पहिला हात जळनाईकाच्या बायकोचा असे, आणि बायको नसेल तर आईचा. बाकीच्या ओढणाऱ्यांना कंटाळा येऊ शकतो, तहान लागू शकते, पण जिचे घर त्या दोराच्या दुसऱ्या टोकाला आहे ती हात सोडत नाही, असा त्यामागचा विचार. दुसरा रिवाज असा, की जळनाईकाला आपण होऊन पदवी टाकता येत नसे. दुसऱ्या कोणी त्याच्या हातून दोर घेतला, तरच तो सुटे.

आमच्या गोष्टीतला जळनाईक म्हातारा झाला होता. तरुणपणी तो भोईवाड्यातला सगळ्यात दमदार बुडीवाला होता. आता त्याचा दम जेमतेम पुरे. खोल पाण्याने कान गेले होते, त्यामुळे त्याच्याशी ओरडून बोलावे लागे, आणि ते काम त्याची बायको करी. पावसाळा तोंडावर आला की त्याच्या पाठीत कळ भरे, आणि ती दिवाळीपर्यंत हटत नसे.

त्याला एकच गोष्ट हवी होती. कोणीतरी दोर घ्यावा. मग डोंगरापलीकडच्या गावी लेकीकडे जावे, तिच्या ओसरीवर घोंगडी टाकावी आणि पाऊस कोसळत असताना गाढ झोपावे. पाऊस पडताना झोप म्हणजे काय असते, हे तो विसरून गेला होता.

म्हणून दर वर्षी पावसाळा सरला की तो राजाकडे जाई आणि हात जोडून म्हणे, “महाराज, आता झेपत नाही. दुसरा माणूस बघा.”

राजा वाईट नव्हता. खरे सांगायचे तर तो फार चांगला होता, आणि तिथेच सगळे बिघडले. कोणी समोर उभे राहिले, की काहीतरी दिल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. पण माणूस शोधणे कटकटीचे असते. म्हणून तो म्हाताऱ्याला दर वर्षी शाल देई आणि म्हणे, “एवढं एक वर्ष काढा, नाईक. पुढच्या वर्षी नक्की बघतो.”

म्हाताऱ्याच्या घरी शालींची चळत झाली होती. त्या पांघरून तो ओल्या पाठीने कण्हत बसे.

अशात राजाचा मेहुणा रुसला. त्याला काही काम येत नव्हते, म्हणून त्याला काही पद नव्हते, म्हणून तो रुसला होता. राणीने दोन दिवस जेवणाला हात लावला नाही. राजाने विचार केला, की जमीन द्यावी तर जमीन कमी होते, धन द्यावे तर खजिना कमी होतो. पदवी दिली तर काय कमी होते? त्याने मेहुण्याला जळनाईक केले.

“पण मला पाण्यात उतरावं लागेल का?” मेहुण्याने विचारले.

“छे, छे,” राजा म्हणाला. “त्यासाठी तो म्हातारा आहे. तुम्ही मानाचे जळनाईक.”

मेहुणा खूश झाला. राणी जेवली. राजाला वाटले, हे एवढे सोपे आहे, तर आपण इतकी वर्षे का झगडत होतो?

मग काय, रांगच लागली. दरबारी गवयाने सुंदर मल्हार गायला, म्हणून तो जळनाईक झाला. एका पहिलवानाने शेजारच्या राज्याचा मल्ल चीत केला, तोही जळनाईक. सुपारीच्या व्यापाऱ्याने देवळाला कळस चढवला, त्यालाही पट्टा मिळाला. राजवैद्य, ज्योतिषी, हत्तीखान्याचा मुख्य, सगळ्यांच्या कमरेला पट्टे आले. शेवटी राजाच्या लक्षात आले, की इतकी चांगली पदवी आपल्याला नाही. तेव्हा त्याने ती स्वतःच्या नावापुढे लावून घेतली, आणि भालदार-चोपदार तिची ललकारी देऊ लागले.

दरबारातून शब्द बाहेर पडला, की तो रस्त्यावर यायला वेळ लागत नाही. नगरात लग्नाच्या पंगतीत पहिल्या पानावर बसणाऱ्याला जळनाईक म्हणू लागले. पोळ्याच्या मिरवणुकीत पुढे चालणाऱ्या बैलालाही लोक तेच म्हणू लागले. काही न करता बसून राहिलेल्या जावयाला सासू म्हणे, “उठा आता, जळनाईक!” हलवायाने एक लाडू काढला, वरून चांदीचा वर्ख आणि आत नुसते पीठ. त्याचे नावही तेच ठेवले, आणि तो चांगला खपला.

आणि ज्याची ती पदवी होती, त्याला लोक काय म्हणू लागले? नुसते ‘तो मोरीवाला’. लोकांनाही बिचाऱ्यांना वेगळे ओळखायला काहीतरी नाव हवेच होते.

या सगळ्यात एक गोष्ट हळूहळू घडली आणि कोणाच्या लक्षात आली नाही. भोईवाड्यातली तरुण पोरे पूर्वी तलावात दम धरायचा सराव करत. एकमेकांशी पैजा लावत, कारण मोठेपणी त्या पट्ट्याची आशा असे. आता ती पोरे गाणे शिकू लागली, कुस्ती शिकू लागली आणि काही जण तर नुसतेच मेहुण्याच्या वाड्यावर जाऊन बसू लागले. त्यांचे चुकले असे मला म्हणवत नाही. पट्टा कोरड्या अंगाने मिळत असेल, तर ओले कोण होणार?

एके वर्षी म्हातारा पुन्हा दरबारात गेला. सोबत बायको होती. दरबारात आता वीस-बावीस जळनाईक बसलेले होते, त्यामुळे त्याला उभे राहायलाही दाराशीच जागा मिळाली.

“महाराज,” तो म्हणाला, “आता इतके जण झाले आहेत. कोणीतरी दोर घ्या आणि मला सोडा.”

सगळ्यांना एकाच वेळी आपापल्या पट्ट्याच्या नक्षीत फार गोडी वाटू लागली.

राजाला म्हाताऱ्याची खरोखर दया आली. त्याने प्रधानाला जवळ बोलावून काही सांगितले, आणि मग उभे राहून मोठ्या आवाजात घोषणा केली. टाळ्या वाजल्या. नगारा झडला. म्हाताऱ्याच्या कमरेला दुसरा, पहिल्याहून रुंद पट्टा बांधण्यात आला.

म्हाताऱ्याला काहीच ऐकू आले नव्हते. त्याने बायकोकडे वळून विचारले, “काय म्हणाले? सोडलं का?”

बायकोने त्याच्या कानाशी तोंड नेले. “तुम्हाला महाजळनाईक केलंय.”

“म्हणजे काय?”

“म्हणजे घरी चला. सोडलं नाही.”

त्या वर्षी पाऊस असा लागला, की थांबायचे नाव घेईना. डोंगरावरची झाडे मुळांसकट वाहून तलावात आली. एका दुपारी बांधावरचा राखणदार धावत नगरात आला. पाणी बांधाच्या ओठाला टेकले होते, आणि मोरीच्या तोंडाशी आख्खे झाड अडकले असावे, कारण भोवऱ्यात फांद्या गरगरताना दिसत होत्या.

राजाने हुकूम सोडला, “जळनाईकाला बोलवा!”

आता हुकूम म्हणजे हुकूम. नगरातले सगळेच्या सगळे जळनाईक पालख्यांतून बांधावर आले. चांगले कपडे, कमरेला पट्टे, डोक्यावर छत्र्या. सगळ्यात शेवटी, चिखल तुडवत, म्हातारा आणि त्याची बायको आली.

राजाने रिवाजाप्रमाणे पहिला विडा पुढे केला, आणि तिथेच घोळ झाला. पहिला विडा कोणाचा? मेहुणा म्हणाला, मी सगळ्यांत आधीचा. सुपारीवाला म्हणाला, विड्यातली सुपारी माझी. ज्योतिषी म्हणाला, कोणाचेही असो, पण आत्ताची वेळ बरी नाही. पाणी वीतभर वर चढले, आणि यांचे चालूच.

म्हाताऱ्याने विड्याची वाट पाहिली नाही. त्याने दोन्ही पट्टे सोडून बायकोच्या हातात दिले आणि दोर कमरेला बांधायला घेतला.

त्याने दोर बांधलेला पाहताच विड्याचे भांडण दोरावर गेले. दोराला पहिला हात म्हणजेही मानच. राजाच्या देखत बायकोचा हात पहिला, आणि एवढे जळनाईक नुसते बघत उभे? प्रधानाने तोडगा काढला, सगळ्यांनीच दोर धरावा. पट्टा ज्या क्रमाने मिळाला, त्या क्रमाने उभे राहावे.

म्हाताऱ्याच्या बायकोला हाताला धरून बाजूला करण्यात आले. आणि मग या लोकांनी एक अशी गोष्ट केली, जी दुसऱ्या कोणत्याही गावातल्या माणसांना सुचली नसती. उभ्या दगडाला दोराचा वेढा दिला, की निम्म्यांना दगडामागे उभे राहावे लागे आणि तिथून ते राजाला दिसत नसत. म्हणून त्यांनी वेढाच काढून टाकला. दोर सरळ ताणला आणि एका रांगेत, राजाकडे तोंड करून उभे राहिले.

“अहो, दगडाला वेढा घाला,” म्हातारी म्हणाली. “तो तुमच्या हातांनी नाही थांबायचा.”

“आम्ही बावीस जण आहोत, आजी,” मेहुणा म्हणाला.

म्हातारी मागे वळली. दोराचे मागचे टोक चिखलात लोळत होते, ते तिने उचलले. रांगेच्या पार मागे, जिथे कोणी बघत नव्हते तिथे, ते दगडाभोवती दोनदा फिरवले आणि दोन्ही हातांनी घट्ट धरून ती उभी राहिली.

म्हातारा पाण्यात उतरला.

वर सगळे थांबले होते. पाऊस पडत होता. बराच वेळ काही झाले नाही. मग तलावाच्या पोटात काहीतरी मोठे हलले, पलीकडे ओढ्याच्या बाजूला मोरीतून गढूळ पाण्याचा लोट फुटला, आणि त्याच क्षणी दोराला हिसका आला.

तो नेहमीसारखा हिसका नव्हता. पाणी माणसाला घेऊन चालले होते. दोर ओल्या तळहातांतून सरकला आणि कातडी सोलून गेला. पहिल्या जळनाईकाने हात सोडला, कारण मागे एकवीस जण होते. दुसऱ्याने सोडला, कारण पहिल्याने सोडला. मग कोणी कोणाकडे पाहिलेच नाही. एकटा पहिलवान काही पावले फरफटत गेला आणि मग तोही चिखलात पडला.

दोर सापासारखा सळसळत गेला आणि दगडापाशी येऊन कचकन थांबला. म्हातारी ओढली जाऊन गुडघ्यांवर आली, पण तिने टोक सोडले नाही. तेव्हा कुठे बांधावर जमलेली माणसे भानावर आली. कुंभार, तेली, बाजारातल्या भाजीवाल्या, ज्याला जिथे दोर सापडला तिथे त्याने धरला, आणि सगळ्यांनी मिळून म्हाताऱ्याला वर काढले.

तो जिवंत होता. दोराने बरगड्या मोडल्या होत्या, आणि तोंडातून पाणी व रक्त एकत्र येत होते. पण मोरी धो धो वाहत होती, आणि बांधावरचे पाणी बोटाबोटाने उतरू लागले होते.

राजाच्या डोळ्यांत पाणी आले. त्याने म्हातारीसमोर मान लववली. “माय, तू आज राज्य राखलंस. मी तुला दोरनाईक ही पदवी देतो.”

मेहुण्याने हळूच प्रधानाला विचारले, की ही नवी पदवी आपल्या पत्नीलाही मिळू शकेल का.

म्हातारी चिखलात बसली होती आणि नवऱ्याचे डोके तिच्या मांडीवर होते. ती इतकी दमली होती, की तिला रागही येईना. तिने कमरेला खोचून ठेवलेले दोन्ही पट्टे राजाच्या पायाशी ठेवले.

“पदवी नको, महाराज. यांना सोडा.”

“सोडतो,” राजा म्हणाला. “पण दुसरा मिळेपर्यंत... एवढं एक वर्ष...”

“महाराज,” ती म्हणाली, “तुमच्याकडं बावीस आहेत. हे एक कमी झाले तर तुम्हाला कळणारही नाही.”

राजाने खाली वाकून ते पट्टे उचलले.

तरी म्हातारा लगेच निघून गेला नाही. आयुष्यभराची सवय अशी एका दिवसात सुटत नाही. बरगड्या जुळल्यावर तो हिवाळाभर रोज सकाळी बांधावर जाऊन बसू लागला. नगरात त्याने सांगून ठेवले होते, की ज्याला बुडी शिकायची असेल त्याने यावे, मी शिकवतो. तो शेजारी दोर ठेवून बसे. लोक येता-जाता नमस्कार करत. काही जण दोरालाही नमस्कार करत. बसत मात्र कोणी नसे.

फक्त पहिलवान एकदा आला. त्याने कपडे काढले, छातीपर्यंत पाण्यात गेला आणि थरथरत परत आला.

“बाबा, मला पाण्याची भीती वाटते,” तो म्हणाला. “लहानपणापासून. पट्टा मिळाला तेव्हाच सांगायला हवं होतं.” त्याने तो पट्टा त्याच दिवशी राजाकडे परत केला. साऱ्या दरबारात तेवढ्या एकाला लाज होती, म्हणून त्याचा उल्लेख केला.

उन्हाळा संपत आला. पश्चिमेला ढग दिसू लागले. म्हाताऱ्याने दोर नीट गुंडाळला, खांद्यावर टाकला आणि बायकोबरोबर दरबारात जाऊन सिंहासनाच्या पायरीवर ठेवला. कोणी हात पुढे केला नाही. दोघे थोडा वेळ उभे राहिले. मग वळले आणि डोंगराची वाट चालू लागले.

रिवाज त्यांनी मोडला, हे खरे. वेशीवर एका भाजीवालीने त्यांना अडवले आणि विचारले, “तुम्ही गेलात तर आमचं काय होणार?”

म्हातारीने तिच्या खांद्यावर हात ठेवला. “आम्ही इतकी वर्षं एकच विचारत होतो, बाई, की आम्ही गेलो तर तुमचं काय होणार. पाणी ओठाला लागलेलं दिसलं, की सामान बघत बसू नका. पोरंबाळं घ्या आणि डोंगर चढा.”

पाऊस आला. तो काही त्या वर्षी फार नव्हता, नेहमीइतकाच होता. मोरी गाळाने बुजली, पाणी चढू लागले. राजाने सगळ्या जळनाईकांना बोलावून आज्ञा केली. मेहुण्याला ताप भरला. गवयाचा घसा बसला. व्यापाऱ्याला परगावचे बोलावणे आले. एकेक करून सगळ्यांनी पट्टे परत केले, आणि सिंहासनासमोर चांदीचा ढीग झाला.

राजाने भोईवाड्यात माणसे धाडली. तिथल्या तरुणांनी माना खाली घातल्या. “महाराज, आमच्या आजोबांना येत होतं,” ते म्हणाले. “आम्हाला नाही येत.”

शेवटी राजा स्वतःच बांधावर गेला. आपल्याही नावापुढे ती पदवी आहे, हे त्याला आठवले असावे. त्याने हातात दोर घेतला, पाण्याकडे पाहिले, आणि तो कमरेला कसा बांधतात हेही आपल्याला माहीत नाही, हे त्याला कळले.

भाजीवालीने घरोघर निरोप पोचवला होता, म्हणून माणसे वाचली. सगळी डोंगरावर उभी राहून बघत होती. भर दुपारी बांध मधोमध फुटला. घरे गेली, देवळाचा कळस गेला, उभे भात गेले, बांधलेली गुरे गेली. दुसऱ्या दिवशी तिथे एक रुंद, सपाट चिखल होता, आणि त्यात कोणाचे घर कुठे होते ते कोणालाच सांगता येईना.

माणसे पांगली. जळनाईकही पांगले. वेगवेगळ्या राज्यांत गेल्यावर त्यांना लोक नाव विचारत, तेव्हा ते पुढे जळनाईक लावून सांगत. त्यांच्या मुलांनी लावले, नातवंडांनी लावले. पुढे त्याचे आडनाव झाले. नव्या ठिकाणी कोणी अर्थ विचारला, तर ते म्हणत, “आमचं घराणं मोठं होतं, एवढं माहीत आहे.” त्यांपैकी कोणालाही पोहता येत नव्हते.

राजा बरीच वणवण करून एक दिवस डोंगरापलीकडच्या त्या गावी आला. अंगावरचे सगळे विकून झाले होते. म्हातारा लेकीच्या ओसरीवर घोंगडीवर पडला होता. नगराची बातमी कळल्यापासून तो नीट झोपला नव्हता. पाऊस सुरू झाला, की तो उठून बसे आणि डोंगराकडे बघत राही. इतकी वर्षे जी झोप मागितली, ती अशी अर्धीच त्याच्या वाट्याला आली होती.

राजा त्याच्या शेजारी जमिनीवर बसला. त्याच्या मनात फार दिवस एक प्रश्न होता, आणि तो त्याने म्हाताऱ्याच्या कानाशी जाऊन विचारला.

“नाईक, मी तुमचं काय वाईट केलं होतं? मी तर दर वर्षी तुम्हाला काही ना काही दिलं.”

म्हाताऱ्याने राजाच्या हातावर आपला थकलेला हात ठेवला.

“दिलंत, महाराज,” तो म्हणाला. “मी दर वर्षी माणूस मागितला, आणि तुम्ही दर वर्षी मान दिलात.”

राजा रडला. म्हाताऱ्याने त्याला रडू दिले, आणि लेकीला हाक मारून त्याच्यासाठी भाकरी टाकायला सांगितली.

तेव्हा लहानांनो आणि थोरांनो, या गोष्टीचे तात्पर्य एवढेच: ज्या पदवीमागचे काम कोणी उचलत नाही, ती पदवी कितीही जणांना वाटली तरी संकटाच्या वेळी कोणाच्याच कामाची नसते.